फेसाचं कडं

कुंभकोणम्
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

प्रिय पवित्रा,

अनेक आशीर्वाद. सवयीने 'सौ.' लिहायला हात गेला आणि मग थांबला. रवी जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझ्या हाताला ते कळत नाही. रागावू नकोस.

मी बरी आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकीची बरी आहे. तू, कीर्ति आणि जावई तिकडे तांबरमला ठीक असाल. कीर्तीच्या सासूबाईंची साखर ताब्यात असेल, आणि नसली तरी त्या कबूल करणार नाहीत, हे मला माहीत आहे.

फोन हातात असताना ही म्हातारी पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. फोनवर मला खरं बोलता येत नाही गे. रविवारी तू विचारलंस तेव्हा मी काय केलं? "बघते की, सांगते," म्हणाले आणि कुकरची शिटी झाली म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी कुकर लावलाच नव्हता. सकाळचा दहीभात होता. शिवाय बाबांनी आपल्याला शिकवलेली ही मराठी अक्षरं या गल्लीत आता माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी चिंता नाही. बाबांनी मला कान पिळून शिकवली आणि तुला, सून म्हणून आलीस तेव्हा, पेपरमिंट देऊन शिकवली. हा पक्षपात मी अजून विसरलेले नाही.

गावात विशेष काही नाही. महामहम तळ्याजवळच्या आपल्या काप्पीवाल्याने कॉफीचा पेला लहान केला आणि वर मलाच सांगतो की पेला तोच आहे, तुमची नजर मोठी झाली. परवा नाचियार्कोविल्ला जाऊन आले. कीर्तीच्या बाळासाठी छोटा पितळी दिवा सांगून ठेवला होता. ओतकाम करणारा बालाजी म्हणतो, "अम्मा, अजून झाला नाही, आठ दिवस द्या." मी चारचौघांत त्याला फैलावर घेतलं. या गुडघ्यांनी मी दोनदोनदा बसने यायचं का रे, म्हटलं. तो पन्नाशीचा माणूस, हसून म्हणाला, "गरम असताना साच्यातून काढला तर तडा जाईल, मग शिव्या मलाच द्याल." परतताना खिडकीबाहेर भाताची शेतं होती आणि मी सगळी वाट त्याचं ते बोलणं डोक्यात घेऊन बसले होते. एकसष्ट वर्षांची झाले तरी मला घाई सोडवत नाही.

आता तुझा प्रश्न. कीर्तीच्या सासूबाईंनी दिवस काढून आणलाय. विजयादशमी, २ ऑक्टोबर, सकाळी दहा ते साडेअकरा, श्रवण नक्षत्र. बाळ पायाळू आहे, ऑपरेशन तसंही होणारच, मग चांगल्या दिवशी का नको, असं त्यांचं म्हणणं. कीर्तीला त्या दिवशी छत्तीस आठवडे पुरे होतील. डॉक्टरांनी सांगितलं, एकोणचाळीस होऊ द्या, तुमचा हट्टच असेल तर सही करून द्या. आणि तू मला म्हणालीस, "अक्का, त्या वेळी तूच पाहिलं होतंस, या वेळीही तूच सांग. तू हो म्हटलंस की मी डोळे मिटून हो म्हणते."

डोळे मिटू नकोस, पवित्रा. माझं उत्तर 'नको' असं आहे. बाळाला त्याचे दिवस भरू देत. दिवाळी होऊ दे, दिवाळीनंतरचा कुठलाही दिवस घ्या. अशुभ म्हणतात ती अष्टमी-नवमी आली तरी घ्या.

दवाखान्याच्या लॅबमधल्या नव्या मुलींना मी परवा विचारून आले. पोटातलं बाळाभोवतीचं पाणी काढून बाळाची फुफ्फुसं तयार आहेत का हे पाहायची ती जुनी परीक्षा आता इथे कोणी करत नाही. त्या मुलींनी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, आता पहिल्या स्कॅनपासून दिवस नेमके मोजता येतात, दिवस भरू देणं हीच परीक्षा. परीक्षेत पास झालेलं बाळसुद्धा लवकर काढलं तर त्रासात पडू शकतं, असंही त्या म्हणाल्या. एवढं सासूबाईंना सांगितलंस तर पुरे आहे. शिकलेल्या आहेत, ऐकतील.

हे कारण खरं आहे. पण ते त्या डॉक्टरबाईंचं कारण आहे, माझं नाही. इथे पत्र संपवून पाकिटात घालावं असं मला फार वाटतंय. दोनदा घडीही घातली. पण माझं कारण न सांगता नुसतं 'नको' म्हटलं, तर तुम्ही सगळ्या म्हणाल, म्हातारी भित्री झाली. आणि सासूबाई दुसऱ्या कोणाला तरी विचारतील.

तेव्हा १९९१ सालचं सांगते. तुला आठवतं ते तुझ्या बाजूचं. माझ्या बाजूचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

तू बावीसची होतीस आणि मी सत्तावीसची. माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. रवी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बँकेत नुकता लागलेला, पण मला तंजावरला नेऊन लॅबच्या शिक्षणाला त्यानेच घातलं. अम्मा म्हणायची, "घरची विधवा मुलगी आता लोकांचं रक्त नि मूत हुंगत बसणार?" रवी म्हणाला, "मग काय, जन्मभर तुझं इडलीचं पीठ वाटत बसणार?" त्या एका वाक्यावर मी पुढची तेहतीस वर्षं पोट भरलं. ज्या दवाखान्यात तुझं नाव घातलं, तिथल्याच लॅबमध्ये मी रामलिंग सरांच्या हाताखाली होते.

तुझं बाळ आडवं होतं, ऑपरेशन ठरलेलं होतं. तुझी पाळी कधीच वेळेवर नव्हती आणि तेव्हा सुरुवातीला कोणी स्कॅन करत नव्हतं. अम्माच्या बोटांवर नववा लागला होता, डॉक्टरीणबाईंच्या कागदावर आठवा सरत होता. अम्माला विजयादशमी हवी होती. आपण तंजावरच्या मराठी राजाच्या लष्करातून आलेली माणसं, आपल्यात त्या दिवशी शस्त्रं बाहेर काढतात, त्या दिवशी झालेला पोरगा राजा होईल. आपल्या घरातली शस्त्रं म्हणजे एक गंजकी कट्यार आणि नारळ फोडायचा कोयता, पण अम्मापुढे कोण बोलणार? डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "पोटातलं पाणी काढून तपासू. फुफ्फुसं तयार असली तर तुमच्या दिवशी करते. नाहीतर दोन-तीन आठवडे थांबायचं, मग माझ्याशी वाद नको."

म्हणजे सगळं त्या पाण्यावर आलं. आणि पाणी माझ्या हातात आलं.

ही परीक्षा काय असते ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. बाळाच्या फुफ्फुसात शेवटच्या महिन्यात एक चिकट पदार्थ तयार होतो. तो असला की बाळाने श्वास सोडल्यावर फुफ्फुसं आतून चिकटून बसत नाहीत, पुढचा श्वास सहज येतो. तोच पदार्थ थोडा पोटातल्या पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात स्पिरिट घालायचं, पंधरा सेकंद जोरात हलवायचं आणि ट्यूब पंधरा मिनिटं उभी ठेवायची. साधा फेस स्पिरिटमध्ये मरतो. तो पदार्थ असेल तर बुडबुड्यांचं कडं काचेला धरून राहतं. कडं पूर्ण असेल तर बाळ तयार. तुटकं असेल किंवा नसेलच, तर थांबा. गरिबाघरची परीक्षा, ना यंत्र ना काही. फक्त काच अगदी स्वच्छ हवी, कारण स्पिरिटमध्येही टिकणारा दुसरा फेस एकच, साबणाचा.

डॉक्टरीणबाईंनी पाणी काढलं तो दिवस आयुधपूजेचा होता. विजयादशमीचा आदला दिवस, हत्यारं-अवजारं पूजायचा.

आपल्याकडे त्या दिवशी लॅबमध्ये काय असतं हे तू पाहिलेलं आहेस. सकाळचं काम उरकून आम्ही सगळं धुऊन, पुसून मांडलं होतं. मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र, पिपेटी आणि स्वच्छ ट्यूबचा अख्खा स्टँड. प्रत्येक वस्तूला चंदन, कुंकू, वर फूल. पुढे चुरमुरे, चणे, केळी. दाराशी कुंकू भरून कोहळा फोडला होता. सर आरती करून घरी गेले. जाताना म्हणाले, उद्या पुनर्पूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. चार वाजता आया कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या भावजयीचं आहे, बाई वाट बघताहेत."

स्वच्छ ट्यूब सगळ्या पूजेत होत्या. सिंकमध्ये सकाळच्या घाण ट्यूब साबणाच्या पाण्यात भिजत होत्या. मी त्यातली एक काढली, नळाखाली तीनदा विसळली आणि झटकली. रोज आम्ही दहादा विसळायचो, शेवटी शुद्ध पाण्याने, आणि मग वाळवायचो. पूजेतली उचलायचं माझ्या मनात आलं. हात पुढेही केला. कुंकवाचा ठिपका बघून मागे घेतला. आपल्या घरातल्या पहिल्या बाळाचं काम, आणि त्यासाठी देवासमोरची वस्तू उचलून अपशकुन करायचा? असं मला वाटलं, पवित्रा. मी बाळाचं चांगलंच चिंतलं होतं.

कडं आलं. पूर्ण, गोल, एकही बुडबुडा कमी नाही. मला इतका आनंद झाला की लॅबमध्ये एकटीच मोठ्याने हसले. चिठ्ठी लिहिली, "कडं पूर्ण. परीक्षा पॉझिटिव्ह." खाली सही केली, एच. गोमती. आणि आयाच्या हातात दिली.

आता जरा थांबते. हात दुखतो. बाकीचं उद्या लिहीन.

गुरुवार, सकाळी

काप्पी झाली, दोनदा झाली. फुलं वेचली. शेजारणीशी तिच्या सुनेबद्दल पाऊण तास बोलले. मग लक्षात आलं की मी पळतेय.

काल लिहिलेलं वाचलं. खोटं काही नाही त्यात. पण ते वाचून तू म्हणशील, "अक्का, चूक कोणाच्या हातून होत नाही? तुला काय माहीत होतं?" तू असंच म्हणशील, मी तुला ओळखते. म्हणून उरलेलं लिहायलाच हवं.

मला माहीत होतं.

चिठ्ठी गेल्यावर मी ट्यूब धुवायला गेले. तेव्हा आठवलं की रोजची दुसरी ट्यूब लावलेली नाही. सर आम्हाला शिकवायचे की प्रत्येक परीक्षेबरोबर एक ट्यूब नुसत्या पाण्याची आणि स्पिरिटची लावायची. त्यात फेस टिकता कामा नये. टिकला तर काच घाण आहे, परीक्षा रद्द. घाईत ती राहिली होती. सिंकमधून आणखी एक ट्यूब काढली, तशीच तीनदा विसळली, नुसतं पाणी आणि स्पिरिट घालून हलवली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसले.

कडं आलं. तसंच पूर्ण आणि गोल. त्यात तुझ्या बाळाचा थेंबही नव्हता.

तेव्हा साडेपाच वाजले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. बाटलीत थोडं पाणी अजून शिल्लक होतं. समोर स्टँडमध्ये वीस स्वच्छ ट्यूब उभ्या होत्या. एक उचलायची, कुंकू पुसायचं, वीस मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. देव कोपला असता तर माझ्यावर कोपला असता, आणि कोपला नसताच. त्याला काय, एक ट्यूब कमी पडली असती. मी आजही ते वीस ट्यूबचे ठिपके डोळ्यासमोर बघते.

मी नवी परीक्षा केली नाही. आधी जाऊन सांगते, चिठ्ठी परत घेते, मग करू, असं ठरवून जिना चढून वॉर्डात आले. ते तुला आठवत असेल, पण मी कशासाठी आले होते हे तुला माहीत नाही. अम्मा खाटेशी बसून सगळ्या वॉर्डाला सांगत होती, "आमच्या गोमतीने पाहिलं. डॉक्टरसुद्धा तिच्या चिठ्ठीवर चालतात. डॉक्टरपेक्षा कमी नाही आमची मुलगी." सत्तावीस वर्षांत अम्माच्या तोंडून माझ्याबद्दल असं काही मी ऐकलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा नाही, नवरा गेला तेव्हा तर विचारूच नकोस. आणि तू माझा हात धरलास. तुझ्या केसांत कनकांबराची फुलं होती. तू म्हणालीस, "अक्का, तुमच्या हातून झालं ना, आता मला भीती नाही." तेव्हा तू मला अहो-जाहो करायचीस.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी गिळले. म्हटलं, कदाचित दुसरीच ट्यूब जास्त साबणाची असेल. कदाचित अम्माच्या बोटांवरचा नववाच खरा असेल. डॉक्टरीणबाई अनुभवी आहेत, पोटावर हात ठेवून त्यांना कळेलच. आणि आता बोलले तर सर मला काढतील, अम्मा म्हणेल, तरी मी सांगत होते, आणि मी परत इडलीच्या पिठाशी. हे सगळं मी खाटेशी उभी राहून एका मिनिटात मनात म्हटलं आणि तुला म्हणाले, "झोप आता, उद्या राजाला बघायचं आहे."

पुढचं तुला माहीत आहे. सकाळी बाळ झालं. दोन किलोलाही थोडं कमी. रडलं, म्हणून आपण सगळ्या हसलो. तासाभरात कण्हायला लागलं. प्रत्येक श्वासाला छाती आत जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. मी जवळ गेले आणि मला एका नजरेत कळलं. तिथे कोणालाही कळायच्या आधी मला कळलं. रवी त्याला मांडीवर घेऊन गाडीने तंजावरला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रिकाम्या हाताने परत आला आणि थेट विहिरीवर जाऊन आंघोळ करत बसला. बाळाचं नाव ठेवायलाही आपण थांबलो होतो.

यानंतर जे झालं ते सांगायला मला त्याहून जास्त लाज वाटते. बाळाला मी एकदा मारलं असेन, पवित्रा. तुला मी चौतीस वर्षं मारलं.

बाराव्या दिवशी अम्माने कारण शोधून काढलं. बाळ व्हायच्या दोन आठवडे आधी तू स्वामीमलैला मुरुगनच्या देवळाच्या साठ पायऱ्या चढली होतीस. "आठव्या महिन्यात धापा टाकत वर गेली. आईचा दम गेला, तोच पोटातल्या पोराला लागला. पोर दमानेच गेलं की नाही?" तिने हे शेजारी सांगितलं, नात्यात सांगितलं, तुझ्या आईच्या तोंडावर सांगितलं. तू मान खाली घालून ऐकलंस आणि खरं मानलंस. तुला वर नेलं कोणी होतं? मी. तू पायऱ्यांशी घुटमळत होतीस, मीच म्हटलं, चल गे, सावकाश चढू, मुरुगन काय खाली येणार आहे? तेही अम्माला मी सांगितलं नाही. काप्पीचे पेले उचलून आत नेले.

मग कीर्ति झाली. भरल्या दिवसांची, तीन किलोची, घर डोक्यावर घेणारी. मला वाटलं, आता तू विसरशील. तू विसरली नाहीस. आजपर्यंत घरचं कोणी स्वामीमलैला गेलं की तू खाली चपलांपाशी उभी राहतेस. रवी किती वेळा म्हणाला, चल की वर. तू म्हणायचीस, "मी इथूनच नमस्कार करते." आम्ही साठ पायऱ्या चढून, दर्शन घेऊन, खाली येऊन तुझ्या कपाळाला विभूती लावायचो. मी लावायचे, माझ्या हाताने.

आणि आता बघ काय झालंय. कीर्तीला तू जिन्याची एक पायरी चढू देत नाहीस. खालच्या मजल्यावर घर बदलायला लावलंस. उंबरठासुद्धा धरून ओलांडायला सांगतेस. आणि ज्या गोष्टीने तुझं पहिलं बाळ गेलं, ती घाई, तो पंचांगातला दिवस, त्याला मात्र 'अक्का म्हणेल तर हो' म्हणतेस. तो दिवस चांगला होता आणि तुझंच पाऊल चुकलं, असं तू धरून चालतेस. असं तू धरून चालावंस म्हणून मी गप्प बसले. तुझं पाऊल चुकलेलं नव्हतं गे. एकही पायरी चुकलेली नव्हती.

मी रामलिंग सरांना सांगितलं नाही. रवीला सांगितलं नाही. शेवटच्या आजारात तो एकदा म्हणाला, "अक्का, तो पोरगा असता तर आज मला उचलून धरायला असता." मी त्याची चादर नीट केली. त्याचं देणं आता मला कोणापाशीही फेडता येणार नाही.

तुला एक सांगते. तिरुवलंचुळीचा तो पांढरा पिळ्ळैयार, गणपती, आहे ना, समुद्राच्या फेसाचा म्हणतात, ज्याला हात लावत नाहीत, पाणी घालत नाहीत, नुसता वरून कापूर भुरभुरतात. स्वामीमलैच्या त्या दिवशी आधी आपण तिथेच गेलो होतो. त्यानंतर मी दर चतुर्थीला जाते आणि आत जात नाही. लोकांना वाटतं, म्हातारी किती नम्र. मला तो फेस बघवत नाही, एवढंच. तू पायऱ्यांशी आणि मी त्याच्या दाराशी. इतकी वर्षं आपण दोघी बाहेरच उभ्या आहोत, आणि दोघींनाही बाहेर मीच उभं केलंय.

आता माझं काम सांगते, आणि यात तू माझ्यावर दया करायची नाही. हे पत्र कीर्तीला वाचून दाखव. जावयांना दाखव. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही पण ऐकून कळतं, त्यांना मोठ्याने वाच. त्या मला 'लॅबअम्मा' म्हणतात, कीर्तीच्या वळैकाप्पुला, म्हणजे डोहाळेजेवणाला, बांगड्या भरल्या तेव्हा आधी माझ्या पाया पडल्या. ते पाया पडणं त्यांनी परत घ्यावं. माझं नाव गेलं तर जाऊ दे, पण त्या दिवसावरून त्यांचा विश्वास उडू दे. अर्धं लपवून सांगितलंस तर त्या म्हणतील, तेव्हा जमाना वेगळा होता. सगळं वाच. दुसऱ्या ट्यूबचं जरूर वाच.

मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायची लाज वाटते, आणि तू लगेच करशील याची भीती वाटते. शिव्या दे. फोन करून दे, चारचौघांत दे. मी कुकरचं निमित्त सांगणार नाही.

कीर्तीचे दिवस भरून बाळ घरी आलं, बाळ-बाळंतीण सुखरूप असली, आणि तुला माझं तोंड बघवलं, तर इकडे ये. आपण स्वामीमलैला जाऊ. माझे गुडघे असे, प्रत्येक पायरीवर बसावं लागेल. सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचू. तुला वर न्यायचं काम मी एकदा केलं होतं आणि नाकबूल गेले होते. ते मला सगळ्यांच्या देखत पुन्हा करायचं आहे. नाही आलीस तरी मला समजेल.

दिवा तयार झाला की बालाजीकडून आणीन. घाई करणार नाही.

'तुझी अक्का' असं लिहिणार होते. ते तू ठरव. त्या संध्याकाळी जे लिहून पाठवायला हवं होतं, ते मात्र आज लिहून खाली सही करते.

ट्यूब साबणाची होती. परीक्षा रद्द समजावी. बाळ तयार आहे असं धरू नये. थांबावं.

एच. गोमती